वंगणाचे अर्थशास्त्र

१५ ऑगस्ट २०२५ या दिवशी पृथ्वीपासून सुमारे ७४७ किलोमीटर उंचीवर एक छत्री उघडली गेली. भारत आणि अमेरिका यांनी संयुक्तपणे तयार केलेल्या ‘निसार’ या उपग्रहाची ती १२ मीटर व्यासाची जाळीदार अँटेना होय. ३० जुलै रोजी श्रीहरिकोट्याहून हा उपग्रह आकाशात झेपावला तेव्हा देशभर जो आनंद व्यक्त झाला, त्याच्या दशांशानेही या छत्रीची वास्तपुस्त कोणी केली नाही. वस्तुतः छत्री उघडली नसती, तर त्या उड्डाणाला फारसा अर्थच उरला नसता. जमिनीत ओल किती आहे, पिकाची अवस्था काय आहे, भूभाग कोठे खचतो वा सरकतो आहे, हे दर बारा दिवसांत दोनदा न्याहाळण्यासाठी हा उपग्रह पाठविला गेला आहे. अवर्षण आणि अतिवृष्टी आलटून पालटून भोगणाऱ्या आमच्या धाराशिव जिल्ह्याला या माहितीचे मोल निराळे सांगावयास नको. २०२५ च्याच सप्टेंबरात परंडा-भूम भागातील शेतांची माती पुराने खरवडून नेली, हे अद्याप कोणी विसरलेले नाही.

छत्री उघडते ती बिजागऱ्यांवर, आणि बिजागरी फिरते ती वंगणावर. प्रस्तुत लेख या वंगणाविषयी आहे. अधिक नेमकेपणाने सांगावयाचे तर, ज्याला वरून तेल घालावे लागत नाही, जो स्वतःच स्वतःचे वंगण असतो, अशा बहुवारिक पदार्थांविषयी, म्हणजे रोजच्या भाषेत पॉलिमरविषयी आहे. अर्थशास्त्राच्या अध्यापकाने या विषयात का पडावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की, हा प्रश्न जितका रसायनशास्त्राचा आहे तितकाच तो बाजारपेठेचा आहे. किंबहुना रसायनशास्त्राने आपले काम बऱ्याच अंशी केले आहे आणि अडले आहे ते बाजारपेठेपाशीच.

तगरची गाडी

गोरोबाकाकांचे गाव म्हणून वारकरी ज्या तेरला ओळखतात, ते तेर म्हणजे प्राचीन तगर नगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात त्याची नोंद आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणच्या पूर्वेस आणखी दहा दिवसांवर तगर, असे त्यात म्हटले आहे. तगरचे साधे कापड आणि मलमल गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या विस्तीर्ण मुलुखातून भडोचला जात असे. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्या काळाचे अवशेष पाहताना आमचे विद्यार्थी हमखास विचारतात, की एवढा माल त्या दिवसांत गेला तरी कसा? व्यापारी, बंदर आणि राजसत्ता यांची नावे आपण उत्तरादाखल सांगतो. चाकाच्या तुंब्यात फिरणाऱ्या आसाला जे वंगण लागले असेल, त्याचे नाव कोणी घेत नाही.

आमच्या पिढीने बालपणी पाहिलेल्या बैलगाडीतही हीच व्यवस्था होती. चाक कुरकुरू लागले की गाडीवान उतरे, आसाला वंगण लावी आणि पुन्हा कासरा हाती घेई. वंगणाला येणारा खर्च गाडीच्या, बैलांच्या किंवा मालाच्या किमतीपुढे नगण्य. मात्र ते नसेल तर गाडी, बैल आणि माल तिन्ही वाटेत खोळंबतात. उपग्रहाची स्थिती याहून वेगळी नाही. त्याची दिशा सांभाळणारी जड चाके अहोरात्र फिरत असतात. सौरपंखे सूर्याकडे वळत राहतात. हवामान उपग्रहातील आरसा मागेपुढे झुलत अर्ध्या-अर्ध्या तासाने ढगांची चित्रे टिपतो. फरक एवढाच की, येथे गाडीवानाला उतरता येत नाही.

या नियमाला अपवाद घडला तो २००८ साली. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचे सौरपंखे ज्या प्रचंड सांध्यावर फिरतात, त्यांपैकी एका सांध्याची कडी खरवडली जात असल्याचे २००७ मध्ये आढळून आले होते. तेथे वंगण म्हणून दिलेला सोन्याचा पातळ मुलामा टिकला नव्हता. अखेर नोव्हेंबर २००८ मध्ये अंतराळवीरांना स्थानकाबाहेर जाऊन तो सांधा पुसावा लागला आणि हाताने त्यात ग्रीस भरावे लागले. त्या खटाटोपात ग्रीसची पिचकारी पिशवीतच गळली आणि ती साफ करताना सुमारे एक लाख डॉलर किमतीच्या अवजारांची पिशवी अवकाशात निसटून गेली. माणूस तेथे वस्तीला होता म्हणून हे शक्य झाले. जेथे माणूस नाही, तेथे बिघाड हा कायमचाच बिघाड.

निर्वाताची अडचण

साधे तेल अंतराळात का चालत नाही? एक तर निर्वातात ते हळूहळू उडून जाते आणि उडालेले तेल दुर्बिणींच्या काचांवर बसते. दुसरे असे की, सावलीत ते गोठते आणि उन्हात पातळ होते. चंद्रावरील रात्र आपल्या चौदा दिवसांएवढी लांब आणि भीषण थंड असते. ऑगस्ट २०२३ मध्ये चंद्रावर उतरलेल्या आपल्या ‘विक्रम’ आणि ‘प्रज्ञान’ यांनी एक चांद्रदिवस उत्तम कामगिरी केली; ती रात्र ओलांडून मात्र ते पुन्हा जागे झाले नाहीत. त्यांची रचना मुळात एकाच चांद्रदिवसासाठी केलेली होती, हे खरे. पण पुढील यंत्रांना अनेक रात्री काढावयाच्या आहेत आणि तेव्हा प्रत्येक सांध्याची परीक्षा होणार आहे.

म्हणून शास्त्रज्ञ कोरड्या वंगणाकडे वळले. पेन्सिलीतील ग्रॅफाइट हा त्यांतील सर्वांना परिचित पदार्थ. परंतु ग्रॅफाइटचा निसरडेपणा हवेतील ओलाव्यावर अवलंबून असतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उंचावर उडणाऱ्या विमानांच्या विद्युत्‌यंत्रांतील कार्बनचे ब्रश पाहता पाहता झिजू लागले, तेव्हा हे रहस्य उलगडू लागले. मॉलिब्डेनम डायसल्फाइड या पदार्थाचा स्वभाव नेमका उलटा. निर्वातात तो उत्तम काम देतो आणि दमट हवेत लवकर झिजतो. टेफ्लॉन या नावाने घरोघरी पोहोचलेले बहुवारिक १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट यांना योगायोगाने सापडले. त्याचा निसरडेपणा अजोड आहे. पण ते मऊ आहे, दाबाखाली सरकते, लवकर झिजते आणि प्रारणांच्या माऱ्यात त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात. पॉलिइमाइड हे दुसरे बहुवारिक उष्णता आणि थंडी दोन्ही सोसते. परंतु ते पुरेसे निसरडे नाही. त्यातही पृथ्वीच्या जवळच्या कक्षेत प्राणवायूचे सुटे अणू सेकंदाला सुमारे आठ किलोमीटर वेगाने येऊन आदळतात आणि उघड्यावरील बहुवारिके कुरतडतात.

यावरचा उपाय म्हणजे मिश्रण. टेफ्लॉनला काचेच्या बारीक तंतूंचा आधार द्यावयाचा आणि त्यात मॉलिब्डेनम डायसल्फाइड मिसळावयाचे. किंवा पॉलिइमाइडमध्ये तेच भरावयाचे. बेअरिंगमधील गोळ्यांना एकमेकांपासून दूर ठेवणारा जो पिंजरा असतो, तो अशा मिश्रणाचा करतात. गोळा फिरताना पिंजऱ्याला घासतो, त्याचा किंचित थर अंगावर घेतो आणि तो थर कडीवर नेऊन चोपडतो. झिजणे हेच येथे वंगण घालणे होय. पिंजरा फार लवकर झिजला तर संपून जाईल आणि मुळीच झिजला नाही तर वंगण मिळणार नाही. हा तोल साधण्यात या विद्येचे सारे कौशल्य आहे. दमट हवेत विलक्षण टिकाऊ ठरलेली काही मिश्रणे कोरड्या निर्वातात निराशा करतात. त्यामुळे चाचणी निर्वातातच घ्यावी लागते. आणि वंगणाची चाचणी वेग वाढवून उरकता येत नाही, कारण वेग बदलला की झिजेची रीतच बदलते. दहा वर्षे टिकेल असे म्हणावयाचे, तर वर्षानुवर्षे चाक फिरवीत बसावे लागते.

गुरूकडे निघालेल्या ‘गॅलिलिओ’ यानाची कथा या संदर्भात मनन करण्यासारखी आहे. ऑक्टोबर १९८९ मध्ये ते निघाले आणि एप्रिल १९९१ मध्ये त्याची अठरा काड्यांची छत्री उघडण्याची आज्ञा देण्यात आली. काही काड्या अडकून बसल्या आणि छत्री अखेरपर्यंत पूर्ण उघडली नाही. चौकशीअंती निष्कर्ष निघाला तो असा. ‘चॅलेंजर’च्या १९८६ मधील अपघातामुळे उड्डाण लांबले, त्या अवधीत यान कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडा यांच्या दरम्यान ट्रकने पुन्हा नेले-आणले गेले, आणि त्या हादऱ्यांत काड्यांच्या खुंट्यांवरील कोरडे वंगण झिजून गेले. सेकंदाला १,३४,००० बिट या वेगाने येणारी माहिती लहान अँटेनावरून जेमतेम १६० बिटांच्या वेगाने आणावी लागली. शास्त्रज्ञांनी त्यातूनही मोठे काम करून दाखविले, ही गोष्ट निराळी. अब्जावधी किलोमीटरांच्या प्रवासाला निघालेल्या यानाचे वंगण जमिनीवरच्या रस्त्यात संपावे, हे तगरच्या एखाद्या गाडीवानाला तत्काळ उमगले असते.

लहान वाट्याची मोठी किंमत

आता अर्थशास्त्राकडे वळू. आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० च्या आपल्या ग्रंथात घरबांधणीचे एक उदाहरण दिले आहे. घराच्या एकूण खर्चात गिलावा करणाऱ्या कारागिरांच्या मजुरीचा वाटा अल्प असतो. परंतु त्यांनी काम थांबविले तर घर अपुरे राहते. म्हणून त्यांनी मजुरी बरीच वाढवून मागितली तरी घरमालक ती देऊन टाकतो. ज्याला पर्याय नाही आणि ज्याचा खर्चातील वाटा क्षुल्लक आहे, त्याला आपली किंमत वाढविता येते, असा याचा मथितार्थ.

उपग्रहाचा पिंजरा या गिलाव्यासारखाच. परंतु येथे मार्शल यांच्या तर्काला एक पुरवणी जोडावी लागते. अंतराळासाठी अशा पदार्थाची मागणी वर्षाकाठी काही किलो एवढीच असते. टनांवारी माल विकणाऱ्या कारखानदाराला किंमत दुप्पट केली तरी त्यातून मिळून मिळून किती मिळणार? वर प्रत्येक तुकड्याचा इतिहास जपावयाचा आणि मिश्रणात तीळभर बदल करावयाचा नाही, हे जोखड. साहजिकच तो किंमत वाढविण्याच्या फंदात पडत नाही. तो उत्पादनच बंद करतो. हे केवळ पुस्तकी अनुमान नव्हे. टेफ्लॉन, काचतंतू आणि मॉलिब्डेनम डायसल्फाइड यांचे ‘डुरॉइड’ नावाचे एक अमेरिकी मिश्रण पाश्चात्त्य उपग्रहांच्या पिंजऱ्यांसाठी वर्षानुवर्षे वापरले जात होते. निर्मात्या कंपनीने ते बनविणे थांबविले आणि इंग्लंडमधील युरोपीय अंतराळ घर्षण प्रयोगशाळेला नव्या पदार्थाचा शोध घेऊन चाचण्यांचा सारा पाढा पहिल्यापासून म्हणावा लागला. सधन राष्ट्रांची ही कथा. मग इतरांनी कोणाच्या तोंडाकडे पाहावयाचे?

‘आयात करा’, असे मुक्त व्यापाराचे पुरस्कर्ते म्हणतील. आयातीला प्रस्तुत लेखकाचा तात्त्विक विरोध नाही. प्रत्येक खिळा देशातच घडविण्याचा हट्ट गरीब देशाला परवडत नाही. परंतु १९९२ साली क्रायोजेनिक इंजिनाच्या व्यवहारावरून अमेरिकेने आपल्या अंतराळ संस्थेवर निर्बंध लादले. १९९३ मध्ये रशियाने तंत्रज्ञान देण्याचे वचन मागे घेतले. आणि स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनासह यशस्वी उड्डाण व्हावयास जानेवारी २०१४ उजाडला. हा अनुभव विसरता येत नाही. तेव्हा प्रश्न ‘स्वदेशी की आयात’ असा ढोबळ न मांडता, कोणत्या वस्तूंची आयात धोक्याची, असा मांडला पाहिजे. जिचा खर्चातील वाटा क्षुल्लक आहे, जिला पर्याय नाही आणि जिचा पर्याय सिद्ध करावयास अनेक वर्षे लागतात, अशी वस्तू बाजाराच्या लहरीवर सोडणे शहाणपणाचे नव्हे.

रसायनीचा धडा

या बाबतीत महाराष्ट्रातीलच एक उदाहरण उद्‌बोधक आहे. रायगड जिल्ह्यातील रसायनी येथे हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स हा केंद्र सरकारचा कारखाना होता. मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तेथील तोट्यातील विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यातून एकच विभाग वगळण्यात आला, तो नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा. अग्निबाणाच्या द्रव इंधनाला जाळणारे हे रसायन देशात अन्यत्र बनत नव्हते. म्हणून तो विभाग जमीन आणि मनुष्यबळासह भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या हाती सोपविण्याचे ठरले. ताळेबंद तोट्याचा, तरी वस्तू अनिवार्य, हा विवेक सरकारने दाखविला आणि तो योग्यच होता.

याच कंपनीची एक उपकंपनी होती, हिंदुस्थान फ्लुओरोकार्बन्स. आजच्या तेलंगणातील रुद्रारम येथील तिच्या कारखान्यात टेफ्लॉनचे मूळ बहुवारिक तयार होई. सततच्या तोट्यामुळे तीही बंद करण्याचा निर्णय जानेवारी २०२० मध्ये झाला. या निर्णयाला दोष देण्याचा येथे हेतू नाही. तोवर गुजरातेतील खासगी उद्योग हेच बहुवारिक मोठ्या प्रमाणावर बनवू लागला होता, हे ध्यानात घेतले पाहिजे. कच्चा माल देशात आहे. परंतु कच्चे बहुवारिक म्हणजे अंतराळातील पिंजरा नव्हे. गहू आणि पोळी यांत जेवढे अंतर, त्याहून हे अंतर मोठे आहे. मिश्रणाचे नेमके प्रमाण, निर्वातातील अनेक वर्षांच्या चाचण्या आणि त्यांच्या नोंदी या मधल्या पायऱ्यांना बाजारात गिऱ्हाईक नाही. जळणारे रसायन सरकारच्या नजरेत भरले, कारण त्याच्या ज्वाळा दिसतात. वंगण दिसत नाही.

विषाचा हिशेब

या पदार्थांची दुसरीही बाजू सांगणे अगत्याचे आहे. टेफ्लॉन हे फ्लुओरिनयुक्त रसायनांच्या ज्या कुळातील आहे, त्यांतील काही रसायने निसर्गात विघटन न पावता पाण्यात, मातीत आणि मानवी रक्तात साठत राहतात. युरोपातील पाच देशांनी २०२३ साली या सबंध कुळावर निर्बंध घालण्याचा प्रस्ताव मांडला. ‘थ्रीएम’ या बलाढ्य अमेरिकी कंपनीने २०२५ अखेर या उत्पादनातून अंग काढून घेण्याची घोषणा डिसेंबर २०२२ मध्येच केली होती. इटलीतील विचेन्झा प्रांतात अशा एका कारखान्याने भूजल दूषित केल्याचे उघड झाले. २०१८ साली तो दिवाळखोरीत निघाला. आणि त्याची यंत्रसामग्री विकली जाऊन आपल्या कोकणात, लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत आली. या घटनेचा प्रस्तुत विषयाशी संबंध एवढाच, की श्रीमंत राष्ट्रे जे उत्पादन अंगणाबाहेर काढतात, ते दुसऱ्या कोणाच्या तरी अंगणात येऊन पडते.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. अंतराळ आणि संरक्षण यांना हे पदार्थ अनिवार्य आहेत, या सबबीखाली समग्र उद्योगाला सूट मागितली जाईल. ती देऊ नये. उपग्रहांना लागतात ते किलो. तवे, कापड आणि वेष्टने यांच्यावाटे पसरतात ते टन. किलोंची अपरिहार्यता टनांच्या समर्थनार्थ वापरणे हा शुद्ध तर्काभास होय. अंतराळासाठी लागणारे अल्प उत्पादन बंदिस्त, देखरेखीखालील आणि सांडपाण्याचा पूर्ण खर्च स्वतः सोसणारे असावे. बाकीच्यांना कायदा पूर्णपणे लागू असावा.

मग करावे काय? जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने संशोधनासाठी एक लाख कोटी रुपयांची योजना मंजूर केली आहे. तीत खासगी उद्योगांना दीर्घ मुदतीची, अल्प व्याजाची कर्जे देण्यावर भर आहे. परंतु कर्ज फेडावयाचे ते विक्रीतून, आणि येथे विक्रीच किलोंची. अशा वस्तूला कर्जाहून खरेदीची हमी अधिक उपयोगी पडते. अंतराळ विभागाने वर सांगितलेल्या तीन कसोट्यांना उतरणाऱ्या लहानसहान पदार्थांची यादी करावी. प्रत्येकासाठी दहा वर्षांच्या खरेदीचा करार करावा. आणि निदान पाच वर्षांचा साठा ठेवावा. हे पदार्थ धान्यासारखे किडत नाहीत आणि त्यांना मोठे कोठारही लागत नाही.

चाचण्यांचे काम तर विद्यापीठांना देण्यासारखे आहे. निर्वात पेटीत वर्षानुवर्षे चाक फिरविणे आणि त्याच्या निष्ठेने नोंदी ठेवणे, याला प्रतिभेपेक्षा चिकाटी अधिक लागते. छत्रपती संभाजीनगर येथे प्लॅस्टिक तंत्रज्ञानाचे शिक्षण देणाऱ्या ‘सिपेट’ या केंद्रीय संस्थेचे केंद्र आहे. मराठवाडा विद्यापीठाचा उपपरिसर धाराशिव येथे आहे. ही चाचणीकेंद्रे तिरुवनंतपुरम किंवा बंगळूर येथेच असली पाहिजेत, असे काही नाही. पदवी घेऊन पुण्या-मुंबईची वाट धरणाऱ्या आमच्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांपैकी दहा-वीस जणांना जरी असे काम येथे मिळाले, तरी त्यांच्या विद्येचे चीज होईल.

आपल्या अंतराळ कार्यक्रमापुढे आता मोठी उद्दिष्टे आहेत. २०३५ पर्यंत स्वतःचे अंतराळ स्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय माणूस, असे सरकारने जाहीर केले आहे. ही उद्दिष्टे गाठण्यास प्रचंड इंजिने लागतील आणि त्यांच्यासाठी पैसा मिळेलही, कारण इंजिनाच्या उड्डाणाला मंत्री उपस्थित असतात. अंदाजपत्रकाच्या ज्या ओळीत काही किलो पिंजऱ्यांची आणि दहा वर्षे फिरणाऱ्या चाकांची तरतूद असावयास हवी, ती ओळ मात्र कोणीतरी आग्रहाने लिहावी लागेल. तगरचे कापड भडोचला पोहोचले ते वाटेवरच्या तीस दिवसांची बेगमी करून निघालेल्या गाडीवानांमुळे. आपल्याला तर दहा-पंधरा वर्षांच्या वाटेची बेगमी निघण्यापूर्वीच करावयाची आहे.